फिगर ऑफ स्पीच: आधी काम बघा, नाव शेवटी

दहावी-बारावीच्या इंग्रजीत, पुढे बी.ए.ला आणि कधी स्पर्धा परीक्षेतही फिगर ऑफ स्पीचचा, म्हणजे भाषेतल्या अलंकारांचा, प्रश्न गाठतोच. त्याची तयारी बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात होते: वीस-बावीस नावं, प्रत्येकाची एका ओळीची व्याख्या आणि गाइडमधलं एक ठरलेलं उदाहरण. लातूरच्या क्लासची नोट असो की कंधारच्या शाळेतला फळा, मजकुरात फारसा फरक नसतो. तेच उदाहरण पेपरात आलं तर गुण मिळतात. ओळ बदलली की मुलं अंदाजानं 'मेटाफर' लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. व्याख्या पाठ असूनही असं होतं, कारण व्याख्या नावापासून सुरू होते. पेपरात मात्र समोर असतं ते वाक्य, आणि नाव शोधून काढायचं असतं.

म्हणून इथे सुरुवात वाक्यापासून केली आहे. इंग्रजी उदाहरणं देवनागरीतच दिली आहेत. ती डोळ्यांनी न वाचता तोंडानं म्हणा, कारण काही अलंकार फक्त कानालाच सापडतात.

पहिली चाचणी: वाक्य शब्दशः खरं आहे का?

ओळ वाचा आणि एकच प्रश्न विचारा: हे शब्दाला शब्द धरून खरं होऊ शकतं का? 'द ड्राय वेल स्टेअर्ड ॲट अस.' कोरडी विहीर रोखून बघत नाही, म्हणजे वाक्य शब्दशः खोटं आहे. इथे अर्थाशी खेळ झालेला आहे. 'डाउन केम द रेन' हे शब्दशः खरं आहे, पाऊस खालीच येतो. मग खेळ अर्थात नाही, शब्दांच्या क्रमात किंवा आवाजात आहे. एवढ्या एका प्रश्नानं बावीस नावांची यादी अर्ध्यावर येते.

वाक्य खोटं ठरलं तर पुढचा प्रश्न विचारा: खोटं कशामुळे? एका वस्तूला दुसरीसारखी म्हटलं, की एका वस्तूला तिच्या शेजारच्या वस्तूचं नाव दिलं? वाढवून सांगितलं, की बोलले त्याच्या उलट अर्थ आहे? या चार वाटांपैकी कोणती ते ठरलं की नाव आपोआप जवळ येतं. ज्या शब्दानं ते घडवलं त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारा. ती रेघ पुढे उत्तर लिहिताना लागणार आहे.

तुलनेचे अलंकार

सिमिली सोपी समजली जाते आणि म्हणूनच चुकते. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसला की सिमिली लिहायची, असं शिकवलं जातं. पण 'ही इज ॲज टॉल ॲज हिज ब्रदर' ही सिमिली नाही. दोघंही माणसं आहेत, उंचीची सरळ मोजणी चालली आहे. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात: 'हर सारी वॉज ॲज व्हाइट ॲज फ्रेशली पिक्ड कॉटन.' साडी आणि वेचलेला कापूस, दोन जाती, एक समान गुण. 'ॲज द टँकर केम, पीपल रॅन' इथला 'ॲज' तर नुसता 'जसा टँकर आला तसे' एवढंच सांगतो. 'आय लाइक मँगोज'बद्दल बोलायलाच नको, तरी ती चूक उत्तरपत्रिकेत दिसते.

मेटाफरमध्ये 'सारखा' जातो आणि थेट 'आहे' येतं: 'इन मे, द टँकर इज अवर रिव्हर.' हा उघड मेटाफर. अडचण येते ती लपलेल्या मेटाफरची, जिथे तुलना क्रियापदात दडलेली असते. 'द बँक स्वॉलोड हिज फील्ड.' बँकेनं शेत गिळलं. बँक अजगर आहे असं कुणी म्हटलेलं नाही, पण 'स्वॉलोड' या शब्दानं ते म्हटलं. मग हे पर्सॉनिफिकेशन नाही का? माणसाचाच गुण निर्जीवाला दिला तर पर्सॉनिफिकेशन म्हणावं, कोणत्याही प्राण्याला लागू होणारी क्रिया असेल तर मेटाफर जास्त सुरक्षित. गिळतो सापही. लाजणं, रडून विनवणं, क्षमा करणं हे माणसाचं. सीमेवरच्या ओळीत दोन्ही उत्तरं बरोबर ठरू शकतात, मात्र कारण नीट लिहिलेलं हवं.

ॲपॉस्ट्रफी म्हणजे जो ऐकू शकत नाही किंवा समोर नाही त्याला हाक मारणं: 'ओ गोदावरी, व्हेन विल यू रीच अवर कनाल?' नदीला माणूस मानल्याशिवाय हाक मारता येत नाही, म्हणून अशा ओळीत पर्सॉनिफिकेशनही असतं. प्रश्न ज्याचा असेल ते लिहावं. नुसतंच 'ओळखा' म्हटलं असेल तर ॲपॉस्ट्रफी लिहावं, कारण हाक ही जास्त ठळक खूण आहे. वर्गातल्या सरांना 'सर, मे आय कम इन' म्हणणं ही ॲपॉस्ट्रफी नव्हे, सर समोर उभे आहेत.

मराठी व्याकरणातले अलंकार पक्के असतील तर इथे मदत होते, पण एक सावधगिरी घ्या. मराठीत 'जणू', 'गमे', 'वाटे' आले की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत 'ॲज इफ', 'ॲज दो' असलेली ओळ सिमिलीच्याच खात्यात जाते. पुढे येणाऱ्या मेटॉनिमी आणि सिनेक्डकी आपल्याकडे अलंकारांच्या धड्यात नसतातच, त्यांचं काम शब्दशक्तीतल्या लक्षणेकडे आहे, म्हणजे शब्दशः अर्थ सोडून त्याच्याशी जोडलेला अर्थ घेण्याकडे. ट्रान्सफर्ड एपिथेटला तर शालेय मराठी व्याकरणात जोडीदारच नाही. सर्वांत जास्त गुण या तिघांत जातात, आणि त्याचं हे एक कारण आहे.

मेटॉनिमी आणि सिनेक्डकी: कोयता आणि हात

दोघांतही एका वस्तूचं नाव घेऊन दुसरीबद्दल बोललं जातं. फरक नात्याचा आहे. नाव घेतलेली वस्तू खऱ्या वस्तूचा तुकडा असेल तर सिनेक्डकी, तुकडा नसून नुसती तिच्या सोबतची असेल तर मेटॉनिमी.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या धंद्यात हा फरक रोजच्या बोलण्यात आहे. मुकादम 'दहा कोयते' म्हणतो तेव्हा लोखंडाची हत्यारं मोजत नसतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर असला तर तो अर्धा कोयता. कोयता हा मजुराच्या अंगाचा भाग नाही, त्याचं हत्यार आहे, म्हणून 'द मुकादम हायर्ड टेन सिकल्स' ही मेटॉनिमी. आता 'ट्वेंटी हँड्स पिक्ड द कॉटन' बघा. हात अंगाचाच भाग, म्हणून सिनेक्डकी. इथे मुलं गणित घालतात: वीस हात म्हणजे दहा माणसं. इंग्रजीत या अर्थानं एक 'हँड' म्हणजे एक अख्खा मजूर, तेव्हा माणसं वीसच. 'घरात खाणारी तोंडं सहा' म्हणताना आपणही एका तोंडाला एक माणूस धरतो.

मेटॉनिमीतली नाती चार-पाच प्रकारची असतात आणि ती ओळखीची झाली की ओळ पटकन फुटते. हत्यारावरून वापरणारा, हे कोयत्याचं झालं. जागेवरून तिथली माणसं किंवा सत्ता: 'मुंबई हॅज नॉट रिप्लाइड टु लातूर' यात शहरं पत्रव्यवहार करत नाहीत, मंत्रालय आणि जिल्हा प्रशासन करतं. भांड्यावरून आतला पदार्थ: 'ही ड्रँक टू ग्लासेस.' खुणेवरून पद: खुर्ची, लाल दिवा, खादी. कर्त्यावरून कृती: लेखकाचं नाव घेऊन त्याची पुस्तकं.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्यावर 'लातूर ड्रँक फ्रॉम अ ट्रेन' असं पाच शब्दांचं वाक्य लिहिलं तर त्यात दोन मेटॉनिमी बसतात. लातूर म्हणजे लातूरचे लोक, ट्रेन म्हणजे वाघिणींतलं पाणी. बातमीचं शीर्षक लिहिणाऱ्यांना हा अलंकार का आवडतो ते इथे दिसतं: जागा वाचते.

काही ओळींवर पुस्तकांतच मतभेद आहेत. 'इंडिया वॉन बाय फाइव्ह विकेट्स' यात देश जिंकला म्हटलं, जिंकला अकरा जणांचा संघ. संघाला देशाचा भाग धरला तर पूर्णाचं नाव भागाला दिलं, म्हणून सिनेक्डकी. देशाला जागा धरली तर मेटॉनिमी. शालेय पुस्तकं बहुधा सिनेक्डकीकडे झुकतात. तुम्ही 'होल फॉर द पार्ट' हे नातं लिहून सिनेक्डकी म्हटलंत तर अडचण येऊ नये. नातं न लिहिता नुसतं नाव टाकलंत तर वादात तुमची बाजू मांडायला काहीच उरत नाही.

ट्रान्सफर्ड एपिथेट: विशेषणाला मालक विचारा

'द फार्मर पास्ड अ स्लीपलेस नाइट.' विशेषण 'स्लीपलेस', लागलंय 'नाइट'ला. आता विशेषणाला विचारा, झोप कुणाची उडाली? रात्रीची नाही, शेतकऱ्याची. विशेषणाचा खरा मालक ओळीतच किंवा आसपास बसलेला असतो आणि विशेषण उठून शेजारच्या नामावर गेलेलं असतं. 'द अँक्शस बेंच आउटसाइड द ओपीडी', 'अ वेअरी रोड टु पंढरपूर': काळजी बाकाची नाही, थकवा रस्त्याचा नाही.

पर्सॉनिफिकेशनशी गल्लत होते ती इथे. 'द अँग्री स्काय' म्हटलं तर रागावलेला दुसरा कुणी माणूस ओळीत नाही, राग आकाशालाच दिलाय, म्हणून ते पर्सॉनिफिकेशन. मालक सापडला तर ट्रान्सफर्ड एपिथेट, नाही सापडला तर पर्सॉनिफिकेशन. इतक्या स्वच्छ चाचण्या या विषयात फार नाहीत, ही वापरून घ्या.

विरोधाचे चार प्रकार

अँटिथिसिस, ऑक्सिमोरॉन, पॅरडॉक्स आणि आयरनी या चौघांत विरोध आहे, पण विरोध कुठे बसलाय त्यावर नाव ठरतं.

ऑक्सिमोरॉनमध्ये तो दोन चिकटलेल्या शब्दांत असतो: 'ओपन सीक्रेट', 'लाउड सायलेन्स'. पॅरडॉक्समध्ये अख्खं विधान आधी अशक्य वाटतं आणि विचार केल्यावर खरं निघतं: 'द मोर बोअरवेल्स वी ड्रिल, द लेस वॉटर वी हॅव.' बोअर वाढले की पाणी वाढायला हवं. पण आपल्या भागात खाली बहुतेक ठिकाणी बेसॉल्टचा काळा पाषाण आहे, त्याच्या भेगांत आणि कुजलेल्या थरात मावेल तेवढंच पाणी, आणि प्रत्येक नवा बोअर त्याच साठ्यातून ओढतो. पॅरडॉक्सचं स्पष्टीकरण लिहिताना 'वरवर विसंगत' एवढ्यावर थांबू नका. ते खरं कसं हेही एका वाक्यात सांगावं लागतं, नाहीतर उत्तर अर्धं राहतं.

अँटिथिसिसमध्ये विसंगती नसतेच. दोन विरुद्ध कल्पना सारख्या मापाच्या दोन वाक्यांशांत समोरासमोर ठेवलेल्या असतात. याचा उत्तम नमुना म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण. पुढच्याच वर्षी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं आणि मराठवाड्यातल्या किती घरांत इंग्रजी पहिल्यांदा पोचलं ते त्या वाटेनं. तेव्हा हे भाषण मूळ इंग्रजीतून वाचणं इथल्या विद्यार्थ्याला परकं वाटू नये. त्यातलं वाक्य: 'इन पॉलिटिक्स वी विल हॅव इक्वॅलिटी अँड इन सोशल अँड इकॉनॉमिक लाइफ वी विल हॅव इनइक्वॅलिटी.' दोन्ही भागांत 'इन' नं सुरुवात, मध्ये तेच 'वी विल हॅव', शेवटी फक्त एक उपसर्ग बदललेला. वाक्याची चौकट सारखी ठेवल्यामुळे विरोध नेमका शेवटच्या शब्दावर आदळतो. हेच 'राजकारणात समता असेल पण समाजात मात्र विषमता राहील' असं सैल मांडलं असतं तर माहिती तीच राहिली असती, धार गेली असती.

त्याच भाषणात त्याआधी: 'भक्ती इन रिलिजन मे बी अ रोड टु द साल्व्हेशन ऑफ द सोल. बट इन पॉलिटिक्स, भक्ती ऑर हीरो-वर्शिप इज अ शुअर रोड टु डिग्रेडेशन अँड टु इव्हेंच्युअल डिक्टेटरशिप.' इथे अँटिथिसिस आहे, 'रोड' हा मेटाफर आहे आणि तोच रस्ता दोन्हीकडे वापरल्यानं पुनरुक्तीही आहे. त्याहून बारीक गोष्ट क्रियापदांत आहे: धर्माच्या बाजूला 'मे बी', राजकारणाच्या बाजूला 'इज' आणि वर 'शुअर'. एकीकडे शक्यता, दुसरीकडे खात्री. अलंकाराचं नाव लिहून थांबणाऱ्याच्या हातून ही गोष्ट सुटते. रसग्रहणाच्या प्रश्नात वेगळेपणा दाखवायचा तर तो इथूनच.

आयरनीत विरोध शब्दांत नसतो, शब्द आणि परिस्थिती यांच्यात असतो. 'व्हॉट अ स्प्लेंडिड रोड! वी टुक ओन्ली टू अवर्स फॉर ट्वेंटी किलोमीटर्स.' पहिलं वाक्य एकटं दिलं तर ती स्तुती आहे. दुसरं वाचल्यावरच टोमणा कळतो. त्यामुळे आयरनी ओळखताना मागची-पुढची ओळ वाचल्याशिवाय उत्तर लिहू नये.

वाढवून सांगणं, मऊ करून सांगणं

हायपरबोलीत फार काही शिकवण्यासारखं नाही. 'हजारदा सांगितलं' म्हणणाऱ्या प्रत्येकाला ती येते. एक उदाहरण मात्र बघण्यासारखं आहे. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्रीच्या भाषणात नेहरू म्हणाले, 'ॲट द स्ट्रोक ऑफ द मिडनाइट अवर, व्हेन द वर्ल्ड स्लीप्स, इंडिया विल अवेक टु लाइफ अँड फ्रीडम.' त्या क्षणी लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजत होते आणि न्यूयॉर्कमध्ये दुपारचे अडीच. जग जागं होतं. पण 'स्लीप्स'समोर 'अवेक' उभं करायचं तर जगाला झोपवणं भाग होतं. एकाच वाक्यात अतिशयोक्ती, अँटिथिसिस आणि देशाला जाग आणणारं पर्सॉनिफिकेशन असं तिन्ही आहे.

युफेमिझम म्हणजे कडू गोष्ट मऊ शब्दांत: 'पास्ड अवे'. टॉटॉलॉजी म्हणजे एकच अर्थ दोनदा, आपला 'पिवळा पीतांबर'. कवितेत ती जोर देण्यासाठी येते तेव्हा अलंकार. सरकारी पत्रात 'रिटर्न बॅक' किंवा 'रिपीट अगेन' लिहिलं तर ती चूक, तिला अलंकार म्हणून वाचवता येत नाही.

शब्दांच्या क्रमातले अलंकार

इन्व्हर्जन मराठी माणसाला सहज दिसत नाही, कारण आपल्या भाषेत 'आला पाऊस' आणि 'पाऊस आला' दोन्ही चालतात. इंग्रजीत क्रम घट्ट असतो: कर्ता, क्रियापद, कर्म. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, ओळ गद्यात पुन्हा लिहा. 'डाउन केम द रेन' याचं गद्य 'द रेन केम डाउन'. क्रम बदलला, म्हणजे इन्व्हर्जन. प्रश्नार्थक वाक्यात क्रियापद पुढे येणं हा व्याकरणाचाच नियम आहे, तो अलंकार धरू नये. उत्तरात गद्य क्रम लिहून दाखवणं आवश्यक. तोच पुरावा.

क्लायमॅक्समध्ये गोष्टी चढत्या महत्त्वानं येतात: 'ही लॉस्ट हिज क्रॉप, हिज लँड, हिज होप.' तीन गोष्टी ओळीनं आल्या की क्लायमॅक्स, असा गैरसमज आहे. 'ही बॉट अनियन्स, सॉल्ट अँड ऑइल' ही किराणा यादी आहे. चढ आहे का ते बघायचं तर क्रम उलटा करून वाचा. उलट वाचल्यावर वाक्य पडल्यासारखं वाटलं तर चढ होता.

पुनरुक्ती कुठे होते त्यावर तिची नावं बदलतात. वाक्यांच्या सुरुवातीला तेच शब्द आले तर ॲनाफोरा: मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणातलं 'आय हॅव अ ड्रीम'. शेवटी तेच आले तर एपिस्ट्रफी: लिंकन यांचं १९ नोव्हेंबर १८६३ चं 'ऑफ द पीपल, बाय द पीपल, फॉर द पीपल'. क्रम उलटा फिरवून तेच शब्द आले तर कायझमस: केनेडींचं २० जानेवारी १९६१ चं वाक्य, देश तुमच्यासाठी काय करील हे विचारू नका, तुम्ही देशासाठी काय कराल ते विचारा. बारावीपर्यंत सगळ्याला 'रिपिटिशन' म्हटलं तरी भागतं. भाषण लिहिणाऱ्याला मात्र हा फरक लागतो.

कानाचे अलंकार

अलिटरेशनमध्ये जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीचा व्यंजनध्वनी पुन्हा येतो. ध्वनी, अक्षर नव्हे. रोमन स्पेलिंग इथे सर्रास फसवतं, आणि देवनागरी तिथे तुमच्या बाजूनं उभी राहते: शंका आली की शब्द देवनागरीत लिहून बघा. 'फादर्स फोटोग्राफ' इंग्रजीत दोन वेगळ्या अक्षरांनी सुरू होतो, देवनागरीत दोन्हीकडे 'फ', म्हणून अलिटरेशन आहे. 'सिटी कॉप्स' रोमनमध्ये एकाच अक्षरानं सुरू होतात, देवनागरीत 'स' आणि 'क', म्हणून नाही. 'ऑनेस्ट हाउस' मध्ये पहिला 'एच' मुका. 'नाइफ' मधला 'के'ही तसाच. मराठी अनुप्रासात वर्ण शब्दाच्या मध्ये आला तरी चालतो, अलिटरेशनमध्ये सुरुवात बघायची. उत्तरात कोणता ध्वनी आणि कोणकोणते शब्द हे दोन्ही लिहा.

ऑनोमटोपियात शब्दच आवाज करतो: 'बझ', 'हिस', 'क्लँग', 'स्प्लॅश', आपले खळखळ, सळसळ, धडाम. 'साउंड', 'नॉइज', 'क्राय' हे आवाजाबद्दलचे शब्द आहेत, आवाज काढणारे नव्हेत.

पनसाठी एकाच उच्चाराला दोन अर्थ लागतात आणि दोन्ही त्या वाक्यात बसावे लागतात. 'सेव्हन डेज विदाउट वॉटर मेक वन वीक' हा जुना इंग्रजी विनोद देवनागरीत जास्त स्वच्छ दिसतो: वीक म्हणजे आठवडा, वीक म्हणजे अशक्त. दोन्ही अर्थ लिहिले नाहीत तर पनचं उत्तर पूर्ण होत नाही.

उत्तर लिहिण्याची घडण

तीन तुकडे पुरतात: नाव, ओळीतला नेमका शब्द, आणि त्या शब्दानं काय केलं. स्लीपलेस नाइटचं उत्तर असं: 'द फिगर ऑफ स्पीच इज ट्रान्सफर्ड एपिथेट. द ॲडजेक्टिव्ह स्लीपलेस इज अटॅच्ड टु द नाउन नाइट, बट इट रिअली डिस्क्राइब्ज द फार्मर.' दुसऱ्या वाक्यात ओळीतले शब्द नसतील आणि नुसती पाठ व्याख्या असेल तर तपासणाऱ्याला तुम्ही ओळ समजलात की नाव आठवलं हे कळत नाही. मेटाफर आणि सिमिलीत कशाची तुलना कशाशी, हे दोन्ही लिहा. 'बिकॉज देअर इज कंपॅरिझन' हे सगळ्यात जास्त आढळणारं अपुरं उत्तर आहे.

ओळीत अनेक अलंकार असतील तर काय करावं? ही ओळ घ्या: 'द क्रुएल समर सन ड्रँक द डॅम दॅट एव्हरी व्हिलेज प्रेड टु.' 'समर सन' आणि 'ड्रँक, डॅम' यांत अलिटरेशन. 'क्रुएल' मुळे सूर्याचं पर्सॉनिफिकेशन. 'डॅम' म्हणजे धरणातलं पाणी आणि 'व्हिलेज' म्हणजे गावकरी, या दोन मेटॉनिमी. यातला जो तुम्हाला पुराव्यासकट लिहिता येईल तो निवडा. अलिटरेशनला पुरावा सर्वांत सोपा, फक्त ध्वनी दाखवायचा. एकच अलंकार विचारला असताना दोन लिहून ठेवू नका, दुसरा चुकला तर पहिल्यावरही शंका येते.

स्वतः लिहिताना

इंग्रजी निबंध, वक्तृत्वाचं भाषण किंवा लेख लिहिताना आधी सगळा मजकूर साध्या वाक्यांत लिहून काढा. अलंकार पहिल्या खर्ड्यात घालायचा हट्ट नको. मग वाचा आणि वाचणाऱ्यानं जिथे थांबावं असं वाटतं ती दोन-तीन वाक्यं शोधा. २५० शब्दांच्या निबंधाला तेवढे अलंकार पुष्कळ झाले. प्रत्येक ओळ सजवली की कुठलीच उठून दिसत नाही, लग्नात सगळ्यांनीच फेटा बांधल्यावर नवरदेव शोधावा लागतो तसं.

कोणता घ्यायचा ते कामावर ठरवा. न पाहिलेली गोष्ट डोळ्यांपुढे आणायची तर सिमिली. दोन बाजू तोलायच्या तर अँटिथिसिस. ऐकणाऱ्यांना सोबत न्यायचं तर ॲनाफोरा, तोही तीनदा. चौथ्यांदा लोक वाट बघायला लागतात, सहाव्यांदा हसतात. उपमा शक्यतो पाहिलेल्या गोष्टींतून घ्या. 'ॲज व्हाइट ॲज स्नो' लिहिणाऱ्या परभणीच्या मुलानं बर्फ पडताना क्वचितच पाहिलेला असतो, कापसाची गंजी मात्र रोज पाहिलेली असते. वाचणाऱ्यालाही तो कापूस नवा वाटेल.

उलट दिशेनं मराठी वाक्प्रचार जसाच्या तसा इंग्रजीत ओतला तर फसतो. 'क्रोज आर क्रायिंग इन माय स्टमक' वाचून इंग्रजी वाचकाला भूक कळणार नाही, डॉक्टर आठवेल. प्रतिमा अनोळखी असली तरी चालते, पण ती त्याच वाक्यात उलगडली पाहिजे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे मिश्र मेटाफर: 'वी मस्ट प्लाउ द रोड टु सक्सेस अँड क्लाइंब इट्स वेव्ह्ज.' नांगर, रस्ता, लाटा, तिन्ही एकमेकांच्या अंगावर. एक चित्र सुरू केलं की वाक्य संपेपर्यंत त्यातच राहा.

अर्ज, तक्रार, पंचनामा, विज्ञानाचा अहवाल यांत मेटाफर आणि हायपरबोली टाळा. पीकविम्याच्या अर्जात 'माय फील्ड इज अ ग्रेव्हयार्ड' लिहून उपयोग नाही. तिथे गट क्रमांक, किती हेक्टर आणि पाऊस कोणत्या तारखेला झाला हे लागतं.

सरावासाठी रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र घ्या आणि पहिल्या पानावरची फक्त शीर्षकं वाचा. दिल्ली, मुंबई, बीजिंग अशी शहरांची नावं कर्ता म्हणून आली की मेटॉनिमी सापडली. खेळाच्या पानावर हायपरबोली आणि अलिटरेशन मिळतात, जाहिरातींत पन. सापडलेली प्रत्येक ओळ वहीत डाव्या पानावर उतरवा, उजव्या पानावर वरच्या तीन तुकड्यांत उत्तर लिहा. आठवड्यानं उजवं पान झाकून पुन्हा ओळखा. ज्या ओळीवर दोनदा अडखळलात तिचं नाव पाठ करत बसू नका. तीच ओळ शब्द बदलून, आपल्या गावातल्या वस्तू घालून स्वतः लिहा आणि वर्गमित्राला ओळखायला द्या. त्यानं वेगळं नाव सांगितलं तर दोघांनीही आपापला शब्द दाखवून वाद घाला. एकाचा पुरावा कच्चा निघतो, किंवा ओळीतच दोन अलंकार निघतात.